रनिंग शूज कधी बदलायचे? तळ शाबूत, तरी फोम संपलेला

शूज जुने झालेत का हे बघायचं म्हटलं की बहुतेक जण ते उलटे करतात. तळाचं रबर शिल्लक आहे, नक्षी दिसतेय, कुठे फाटलेलं नाही, म्हणजे अजून सहा महिने आरामात जातील. ही टायर तपासायची पद्धत झाली. पण रनिंग शूजमध्ये टायरबरोबर शॉकअपही असतो, आणि रस्त्यावर पळणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा आधी जातो तो शॉकअप. तो बाहेरून नीट दिसत नाही, शिवाय इतका हळूहळू जातो की रोज तेच शूज घालणाऱ्याला फरक जाणवतही नाही.

दुसऱ्या टोकाला ‘५०० किलोमीटर झाले की बदलाच’ हा सल्ला आहे. दुकानात, रनिंग ग्रुपवर, व्हिडिओंमध्ये, सगळीकडे हाच आकडा ऐकायला मिळतो. सात-आठ हजारांचे शूज असतील तर हा आकडा डोळे झाकून पाळणं परवडत नाही, आणि पाळायची गरज असतेच असंही नाही. हा आकडा कुठून आला, शूजच्या आत नेमकं काय झिजतं आणि आपल्या स्वतःच्या शूजबद्दल निर्णय कसा घ्यायचा, ते इथे बघू. रोज रस्त्यावर पळायचे साधे ट्रेनिंग शूज डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. कार्बन प्लेटवाल्या रेस शूजचा हिशोब वेगळा आहे, तो पुढे येईल.

शूजमध्ये झिजतं काय?

रनिंग शूजचे ढोबळमानाने तीन थर असतात. खाली रस्त्याला लागतं ते रबर म्हणजे आउटसोल. वर पायाला धरून ठेवतं ते जाळीदार कापड म्हणजे अप्पर. आणि या दोघांच्या मध्ये जाड, हलका फोम असतो, तो मिडसोल. आत काढता-घालता येणारी पातळ गादी असते ती इनसोल. ती पायाला मऊ लागते, पण धक्का सोसण्याच्या कामात तिचा वाटा फारच थोडा.

खरं काम मिडसोलचं. बहुतेक ट्रेनिंग शूजमध्ये तो ईव्हीए या फोमचा किंवा ईव्हीएमध्ये दुसरं काहीतरी मिसळलेल्या फोमचा असतो. ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. १९७० च्या दशकात तो रनिंग शूजमध्ये आला आणि स्वस्त, हलका, हवा तसा साच्यात बसणारा म्हणून टिकला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात हजारो बंद कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात हवा कोंडलेली असते. पाय पडला की कप्प्यांच्या भिंती वाकतात, आतली हवा दाबली जाते. पाय उचलला की भिंती आणि हवा मिळून फोमला परत वर ढकलतात. धक्का सोसणं आणि उसळी देणं या दोन्ही गोष्टी यातूनच होतात.

आता हे किती वेळा होतं ते बघा. मिनिटाला साधारण १६५ पावलं आणि किलोमीटरला साडेसहा मिनिटं अशा वेगाने पळणारा माणूस एका किलोमीटरमध्ये सुमारे १,०७० पावलं टाकतो. म्हणजे एका पायाला ५३५. सहाशे किलोमीटरमध्ये एकेका शूजवर तीन लाखांहून जास्त आपट होते, आणि पळताना प्रत्येक आपटीचा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट असतो. ७० किलोच्या माणसासाठी तो पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो. तीन लाख वेळा एवढा दाब सोसल्यावर कप्प्यांच्या भिंतींना सुरकुत्या पडतात, काही ठिकाणी भोकं पडतात, फोम दाबून राहतो आणि पूर्वीइतका वर येत नाही.

कापसाची गादी बसली तर पिंजून परत फुलवता येते. फोमचं तसं नाही. भिंत एकदा मोडली की मोडली. म्हणूनच जुन्या शूजमध्ये नवी जाड इनसोल टाकल्यावर पहिले चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी सगळं पूर्वीसारखंच असतं. आउटसोल सुटला असेल तर चांभाराकडून चिकटवून किंवा शिवून घ्यायला काहीच हरकत नाही, तो पैसा वाया जात नाही. पण मिडसोल बदलून देणारा कारागीर तुम्हाला सापडणार नाही, कारण शूज बनतानाच सगळे थर एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात.

५०० ते ८०० चा आकडा

हा पल्ला मुळात अमेरिकेतला, ३०० ते ५०० मैलांचा. त्याला प्रयोगांचा आधार आहे, पण तो आपण समजतो तसा नाही. १९८५ साली कुक, केस्टर आणि ब्रुने या संशोधकांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे शूज पळण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर झिजवले आणि धक्का शोषायची क्षमता मोजली. ५० मैलांनंतर, म्हणजे जेमतेम ८० किलोमीटरनंतर, ती सुरुवातीच्या ७५ टक्क्यांवर आली होती. १०० ते १५० मैलांना सुमारे ६७ टक्के. २५० ते ५०० मैलांच्या दरम्यान ६० टक्क्यांपेक्षा कमी.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे सगळ्यात मोठी घट अगदी सुरुवातीला होते. पुढे आलेख सपाट होत जातो. ५०० वर किंवा ८०० वर अचानक काही तुटत नाही. त्यामुळे ‘आज ५०१ झाले, आता हे शूज धोकादायक’ असं म्हणण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट, याच अभ्यासात माणसांनी प्रत्यक्ष पळून झिजवलेले शूजही तपासले होते, आणि ते यंत्रावरच्या शूजपेक्षा बरे टिकले. ५०० मैलांनंतरही त्यांच्यात सुमारे ७० टक्के क्षमता शिल्लक होती. यंत्र न थांबता आपटत राहतं. माणूस तासभर पळतो आणि मग शूजला एक-दोन दिवस सुट्टी मिळते.

२००४ मध्ये व्हर्देहो आणि मिल्स यांनी ईव्हीए मिडसोलवर काम केलं. त्यांना ५०० किलोमीटरनंतर तळपायावरचा सर्वाधिक दाब सरासरी दुप्पट झालेला आढळला, आणि ७५० किलोमीटर पळालेल्या फोममध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर सांगितलेल्या सुरकुत्या आणि भोकं दिसली. म्हणजे झीज खरी आहे, त्यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर. फोम झिजला म्हणजे दुखापत होणारच का? २००९ मध्ये कॉंग आणि सहकाऱ्यांनी २४ धावपटूंना नव्या शूजमध्ये आणि मग तेच शूज २०० मैल वापरून झाल्यावर पळवून पाहिलं. जमिनीवर पडणाऱ्या जोरात म्हणावा असा फरक दिसला नाही. बदललं ते पळणं. पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ टेकायला लागला, घोटा आणि धड यांच्या हालचालीत बारीक फरक पडले. गादी कडक झालीय हे मेंदूला कळलं आणि त्याने चाल जुळवून घेतली. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर खराब झालं आणि ड्रायव्हरने ते सांभाळून घेतलं. वापरणाऱ्याला स्क्रीनवर काहीच एरर दिसली नाही.

हे सांभाळून घेणं फुकट होत नसणार, कुठल्यातरी स्नायूवर ते काम पडतंच. कोणावर किती पडेल आणि कोणाचा पाय कधी कुरकुरेल हे मात्र माणसागणिक बदलतं. म्हणून माझ्या मते ५०० ते ८०० हा आकडा एक्सपायरी डेट म्हणून वाचू नये, सर्व्हिसिंगच्या तारखेसारखा वाचावा. ५०० झाले की दर आठवड्याला शूजकडे आणि पायांकडे लक्ष द्यायला सुरुवात करायची. आणि हेही लक्षात ठेवायचं की लवकर बदला म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण शूज विकतात.

तुमचा आकडा कुठे बसतो?

वजन जास्त असेल तर फोम लवकर बसतो. ८५ किलोच्या माणसाने ८०० ची अपेक्षा ठेवू नये, ५५ किलोचा माणूस आरामात ठेवू शकतो. टाच आपटून पळणाऱ्यांचा टाचेखालचा फोम आधी जातो, पुढच्या पायावर उतरणाऱ्यांचा चवड्याखालचा. मॉडेलवरही बरंच अवलंबून आहे. जाड, थोडा कडक मिडसोल आणि खाली भरपूर रबर असलेला शूज टिकतो, तर वजन वाचवायला जिथे रबर काढून टाकून फोम उघडा ठेवलाय तो शूज डांबरी रस्त्यावर खोडरबरासारखा झिजतो.

रस्ता कसा आहे हेही बघायला हवं. सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक डांबरापेक्षा कडक, आणि पेव्हरच्या कडा रबर खातात. घाटात पळत असाल तर उतार मोजा, चढ नाही. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी म्हणून यवतेश्वर घाट चढून उतरणाऱ्यांचे शूज सपाटीवर तेवढंच अंतर पळणाऱ्यांपेक्षा लवकर थकतात, कारण उतारावर प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि सगळा जोर टाचेवर येतो. सिंहगडाच्या पायवाटेवर रोड शूज घालून जाणं तर बाद करा. तिथे फोम झिजायची वेळच येत नाही, त्याआधी दगड तळ कापतात आणि अप्पर बाजूने फाटतो.

आणि चालणं. रनिंग शूज घालून ऑफिसला जाणं, बाजारात जाणं, दिवसभर उभं राहणं. ॲपमध्ये यातलं काही मोजलं जात नाही, पण फोमला ते कळतं. चालताना जोर कमी असतो, पण तास जास्त असतात. ज्याला किलोमीटरचा हिशोब खरा ठेवायचाय त्याने पळायचे शूज फक्त पळायला ठेवावेत.

आपल्याकडचं हवामान

परदेशी लेखांत हा भाग सहसा नसतो. ईव्हीए उष्णतेने मऊ पडतो, आणि मऊ असताना दाबला तर जास्त बसतो. एप्रिल-मेमध्ये पळून आल्यावर शूज गाडीच्या डिकीत किंवा मागच्या काचेखाली टाकून दिवसभर उन्हात गाडी उभी ठेवली तर फोम आणि चिकटवलेले थर दोन्ही खराब होतात. उन्हाळ्यात आउटसोलचे तुकडे सुटून येण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

पावसाळ्यात प्रश्न वाळण्याचा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये भिजलेले शूज दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाहीत. ओले शूज पुन्हा घालून पळालं की फोम जड राहतो, अप्परचं कापड कुजायला लागतं आणि पायाला फोड येतात ते वेगळंच. उपाय साधे आहेत. इनसोल बाहेर काढायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बोळे बदलायचे आणि शूज पंख्याखाली ठेवायचे. हेअर ड्रायर, गीझरवर ठेवणं, वॉशिंग मशीनचा ड्रायर, हे सगळं टाळायचं.

ओलाव्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो विचित्र आहे. तीन-चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले बूट बाहेर काढले, घातले आणि चार पावलांत तळ भुसा होऊन गळून पडला, असा अनुभव अनेकांना आलेला असतो. तो फोम ईव्हीए नसतो, पॉलियुरेथेन असतो. त्याच्या काही प्रकारांत हवेतल्या ओलाव्याने रासायनिक बंध तुटत जातात, आणि न वापरताही तो आतून सडतो. ट्रेकिंगचे बूट आणि काही जुन्या पद्धतीचे जड शूज यांत हा फोम सापडतो. ईव्हीए असा भुसा होत नाही, पण वर्षानुवर्षं पडून राहिला तर कडक होत जातो. म्हणून सेलमध्ये स्वस्तात मिळणारं जुनं मॉडेल घ्यायला हरकत नाही, फक्त बॉक्सवरच्या लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं ते वाचून घ्या.

घरच्या घरी तपासणी

शूज टेबलावर डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि मागून बघा. टाचेचा भाग आत किंवा बाहेर कललेला दिसला तर एका बाजूचा फोम बसलाय. अशा कललेल्या शूजवर प्रत्येक पावलाला घोटा तिरका पडतो. माझ्या लेखी शूज बदलायचं हे सगळ्यात ठाम कारण आहे, किलोमीटर कितीही झालेले असोत. दोन शूजमध्ये झीज सारखी नसेल तर तेही नोंदवून ठेवा, फिजिओकडे जायची वेळ आली तर ते शूज सोबत न्या.

मग मिडसोलच्या बाजूच्या भिंती बघा. नव्या शूजवरही दाब पडला की आडव्या रेघा येतात आणि जातात. पाय आत नसताना, शूज नुसता ठेवलेला असताना खोल आडव्या सुरकुत्या कायम दिसत असतील तर फोम दबलेलाच राहिलाय. टाचेमागचा कडक कप, ज्याला हील काउंटर म्हणतात, तो दोन बोटांनी दाबून बघा. पूर्वी कडक होता आणि आता सहज चेपला जात असेल तर पाय आत हलतोय. काही शूजमध्ये हा कप मुळातच मऊ असतो, तेव्हा आधी कसा होता ते आठवा.

तळाच्या बाबतीत घोळ होतो. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर रबर जास्त झिजलेलं दिसलं की लोक घाबरतात. बहुतेकांचा पाय तिथेच आधी टेकतो, त्यामुळे ती झीज नेहमीचीच. रबर संपून त्याखालचा वेगळ्या रंगाचा फोम दिसायला लागला की मात्र थांबा. उघडा फोम फार वेगाने जातो, आणि ओल्या फरशीवर घसरतो.

अंगठ्याने मिडसोल दाबून बघायची पद्धत खूप सांगितली जाते. मला ती फारशी भरवशाची वाटत नाही. फोम मऊ आहे की कडक एवढं अंगठ्याला कळतं, पण तो उसळी किती परत देतो हे कळत नाही, आणि शिल्लक आयुष्य त्यावरून काढणं म्हणजे अंदाजपंचे काम. त्यापेक्षा दुकानात जाऊन एका पायात जुना शूज आणि दुसऱ्या पायात त्याच मॉडेलचा नवा शूज घाला, आणि दोन मिनिटं जागेवर जॉगिंग करा. एकाच वेळी दोन्ही पायांना फरक कळतो. अर्थात नवा शूज नेहमीच थोडा जास्त मऊ लागणार, कारण पहिल्या ८० किलोमीटरची घट त्यात अजून झालेलीच नाही. त्यामुळे ‘नवा बरा वाटतो’ एवढ्यावर कार्ड स्वाइप करू नका. ‘जुन्यात खाली जमीन लागते’ असं वाटलं तर करा.

पाय काय सांगतात

नेहमीचाच मार्ग, नेहमीचाच वेग, आठवड्याचं अंतरही तेवढंच, आणि तरी नडगीच्या पुढच्या बाजूला, पोटरीत, गुडघ्याभोवती किंवा तळपायात नवीन दुखणं सुरू झालं, तर शूजवर संशय घ्यायला जागा आहे. दुसऱ्या जोडीत पळालं की ते कमी होतंय का हे बघणं ही सोपी चाचणी.

पण आधी बाकीचे आरोपी तपासा. गेल्या तीन आठवड्यांत अंतर एकदम वाढवलंत का? वेगाचे वर्कआउट सुरू केलेत का? झोप कमी झालीय का? यांपैकी एकाचं उत्तर हो असेल तर बहुधा शूज निर्दोष आहेत. आणि हाडावर एकाच बिंदूत बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा चालतानाही दुखत असेल, तर नवे शूज हा त्यावरचा इलाज नाही. पळणं थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. स्ट्रेस फ्रॅक्चरवर नव्या शूजचा प्रयोग महिनाभर करत बसलेले लोक दरवर्षी दिसतात.

हिशोब ठेवायचा कसा?

स्ट्राव्हा आणि गार्मिन कनेक्ट या दोन्हींमध्ये ‘गिअर’ म्हणून सोय आहे. शूजचं नाव घालायचं, तो डीफॉल्ट म्हणून निवडायचा, की प्रत्येक रनचं अंतर त्याच्या खात्यात जमा होत जातं. ठरावीक अंतर झालं की कळवायलाही सांगता येतं. तिथे ८०० च्या ऐवजी ५०० टाका, कारण सूचना तपासणी सुरू करण्यासाठी हवी आहे, खरेदीसाठी नाही. दोन जोड्या असतील तर रननंतर योग्य जोडी निवडायला विसरायला होतं आणि महिन्याभरात डेटा कचरा होतो. त्यामुळे एक जोडी वारांना बांधून टाका, मंगळवार-गुरुवार ही आणि रविवारी ती.

ॲप नको असेल तर शूजच्या जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने पहिल्या वापराची तारीख लिहा. आठवड्याला साधारण किती पळता ते माहीत असतंच, गुणाकार तोंडी होतो. तीन दिवस सहा-सहा आणि रविवारी बारा म्हणजे आठवड्याला ३० किलोमीटर, तर ६०० ला २० आठवडे, साधारण पाच महिने.

आता घड्याळं पाय जमिनीवर किती मिलिसेकंद टेकला हेही दाखवतात, तर त्यावरून झीज ओळखता येईल का? कॉंगच्या प्रयोगात तो वेळ वाढला होता खरा. पण ती वाढ लहान होती, आणि तुमचा वेग किलोमीटरला दहा सेकंदांनी बदलला तरी हा आकडा त्याहून जास्त हलू शकतो. त्यावर शूजचा निर्णय घेऊ नका.

पैशांचा हिशोबही करून बघण्यासारखा आहे. समजा शूज ७,००० रुपयांचे आणि ६०० किलोमीटर चालले, तर किलोमीटरला पावणेबारा रुपये. तेच ८०० चालले तर पावणेनऊ. उलट कार्बन प्लेटवाले शूज समजा १५,००० चे घेतले आणि त्यांचा खरा फायदा ३०० किलोमीटर मिळाला, तर किलोमीटरला ५० रुपये पडले.

रेस शूजचं गणित

या शूजमधला फोम बहुधा पेबा जातीचा असतो. २०१७ मध्ये नायकेच्या व्हेपरफ्लायच्या मूळ नमुन्याची कोलोरॅडो विद्यापीठात चाचणी झाली, तेव्हा दाबताना घातलेल्या ऊर्जेपैकी ८७ टक्के तो परत देत होता. तुलनेला घेतलेल्या दोन रेस शूजचे आकडे होते ७५.९ आणि ६५.५. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते या फरकासाठी, आणि आधी संपतो तोही हाच फरक. नंतरच्या एका प्रयोगात नवा पेबा शूज ईव्हीएपेक्षा कमी दमवणारा ठरला, पण दोन्ही ४५० किलोमीटर पळवल्यावर पेबाचा हा फायदा उरला नाही, आणि ईव्हीए मात्र होता तसाच राहिला. शूज फाटत नाही, घालता येतो, पण ज्यासाठी घेतला ते काम संपलेलं असतं. टोकाचं उदाहरण आदिदासचं. २०२३ मध्ये तिगिस्त असेफाने बर्लिनला २:११:५३ चा त्यावेळचा विश्वविक्रम केला, तो ५०० डॉलरच्या, १३८ ग्रॅमच्या शूजमध्ये. तो शूज एका मॅरेथॉनपुरता आणि त्याआधीच्या थोड्या सरावापुरता आहे असं कंपनीनेच सांगितलं होतं. रोजच्या सरावाला असे शूज वापरणं म्हणजे रेशमी साडी नेसून धुणं धुण्यासारखं आहे.

नवी जोडी आणायची वेळ

जुनी जोडी पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. जुनीला ४५०-५०० झाले की नवी आणा आणि महिनाभर दोन्ही आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली होती, त्यात एकापेक्षा जास्त जोड्या आलटून वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणाचा अभ्यास होता, त्यामुळे फायदा शूजमुळेच झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी दोन जोड्यांना एकूण खर्च तेवढाच येतो, फक्त थोडा आधी करावा लागतो, आणि पावसाळ्यात एक जोडी वाळत असताना दुसरी हाताशी असते.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी जुलैपासून करणाऱ्यांनी तर आधीच गणित मांडावं. सुरुवातीला आठवड्याला ३०, डिसेंबरमध्ये ५० ते ५५, सरासरी ४० धरली तरी २८ आठवड्यांत १,१०० किलोमीटरच्या वर होतात. एका जोडीत हे बसत नाही. जुलैत उघडलेली जोडी नोव्हेंबरात ६०० च्या पुढे जाते, म्हणजे नेमकी सगळ्यात लांब रन सुरू होतात तेव्हा. दुसरी जोडी दिवाळीच्या सेलमध्ये घेऊन ठेवली, नोव्हेंबरपासून तिच्यात छोट्या रन केल्या आणि एखादी ३० किलोमीटरची लांब रनही केली, तर शर्यतीच्या दिवशी ती रुळलेली असते आणि थकलेलीही नसते. शर्यतीच्या आदल्या दिवशी एक्स्पोमध्ये घेतलेले शूज सकाळी ४२ किलोमीटरला घालू नका. एक्स्पोमध्ये टी-शर्ट घ्या.

आवडतं मॉडेल बंद होणार असेल तर तीन-चार जोड्या साठवून ठेवायचा मोह होतो. एक जास्तीची ठीक. ती थंड, कोरड्या जागी, बॉक्समध्ये, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा.

जुन्या जोडीचं काय?

पळण्यासाठी संपलेले शूज चालण्यासाठी बहुधा चांगले असतात, फक्त एका बाजूला कललेले नसावेत. भाजी आणायला, पावसात बाहेर पडायला, गच्चीवर काम करायला वर्षभर सहज जातात. पळायला सुरुवात करणाऱ्या मित्राला किंवा धाकट्या भावाला मात्र ते देऊ नका. त्याच्या पायांना अजून पळायची सवय नाही, आणि तुमच्या चालीप्रमाणे बसलेला फोम त्याच्या पायाला जुळेलच असं नाही.

टाकूनच द्यायचे असतील तर ओल्या कचऱ्यात घालू नका, ईव्हीए कुजत नाही. नवी मुंबईतली ग्रीनसोल ही संस्था जुने शूज घेऊन त्यांच्यापासून चपला बनवते आणि त्या शाळेतल्या गरजू मुलांना दिल्या जातात. श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी ती सुरू केली. दरवर्षी वापरून झालेल्या जोड्यांचं करायचं काय, या प्रश्नातूनच त्यांना ही कल्पना सुचली होती. पाठवण्यापूर्वी शूज धुऊन वाळवा आणि दोन्ही शूज लेसने एकमेकांना बांधा, म्हणजे जोडी सुटत नाही.